काकूंची खोली आहे ना

११ जानेवारी

जाऊबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते न फोडता बाजूला ठेवलं असेल, तर ठेवा. सवड झाली की वाचा. आईंना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून या घरातून त्या घरात फोन गेला नाही की त्या घरातून या घरात आला नाही. भाऊ भाऊ बोलत नाहीत म्हणून जावांनीही तोंड फिरवायचं, हे कुणी ठरवलं ते मला आठवत नाही. तुम्हांला आठवतंय का?

लिहायला कारण आहे. शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत मुलांसाठी झटणाऱ्या माणसांचा नगरपालिका यंदा सन्मान करणार आहे. मोठा कार्यक्रम, सभागृह, भाषणं, सगळं. त्यात माझं नाव निघालंय.

हसू नका. मला मात्र हसू आलं होतं. झटणारी म्हणे! मी सकाळभर दवाखान्याच्या कपडेखोलीत फाटक्या चादरी शिवते, दुपारी घरी येऊन तुमचीच खोली उघडते आणि संध्याकाळी शेवटचं पोर आईच्या हाती देऊन कुलूप लावते. यात झटणं कुठलं? पाय ओढणं म्हणा.

परवा शिक्षण विभागातली एक मुलगी माहिती घ्यायला आली होती. मुलगी म्हणजे तिशीची असेल, पण आता मला सगळ्या मुलीच दिसतात. ह्यांनी तिचं नाव फाइलवाली ठेवलंय, कारण चहा पितानाही तिने मांडीवरची फाइल खाली ठेवली नाही. तिने विचारलं, "काकू, सुरुवात कशी झाली?"

मी म्हटलं, सुरुवात मी केलीच नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी केली. दोघा भावांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, वर घर. शाळा सुटली की मुलं दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन बसायची, गळ्यात घराच्या किल्ल्या. आईबाप कामावर. जाऊबाईंनी एकदा दोघांना पाणी प्यायला आत घेतलं, तर ती संध्याकाळपर्यंत हललीच नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी चार घेऊन आली. मग भावांनी कुरकुरत दुकानात मधोमध प्लायवूड उभं केलं. अलीकडे मोटरी, पलीकडे मुलं. जाऊबाई गणितं करून घ्यायच्या, गोष्टी सांगायच्या. मी नाकं पुसायची.

"मग दोघींची नावं लिहा," मी म्हटलं.

"एकच नाव बसतं काकू. आणि त्या आता इथे राहत नाहीत ना."

बरोबर आहे. राहत नाही तुम्ही इथे.

कार्यक्रम पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. याल का? दादांना सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. हे पत्र लिहिल्याचं मी ह्यांच्या कानावर घातलेलं नाही. कपडेखोलीत बसून लिहितेय, समोर अभ्र्यांचा ढीग आहे आणि मुकादम बाई माझ्याकडे बघतेय.

तुमची धाकटी


२५ जानेवारी

जाऊबाई,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मान वळतेच.

मागच्या पत्रात खरी गोष्ट लिहायची राहिली. राहिली कसली, लिहिली नाही. मी खोली बंद करायचं ठरवलं होतं. सन्मानाचं कळायच्या आधी. शाळेचं वर्ष संपलं की पालकांना सांगायचं आणि मोकळं व्हायचं, असं मनात पक्कं झालं होतं. कुणाला बोलले नव्हते. तेवढ्यात ही मानाची चिठ्ठी येऊन पडली.

आपल्या जुळ्यांचे वडील आठवतात? बसवर कंडक्टर आहेत ते. तुमच्या वेळी ती जुळी अंगठा चोखत यायची, आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत. त्या कंडक्टरांनी सगळ्या पालकांकडून माझ्यासाठी अर्ज करवला. मला सांगायला आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. "काकू, कुणी तरी तुमची दखल घ्यायला हवी होती." मी मान वळवून भिंतीकडे बघितलं. त्यांना वाटलं, मला गहिवरून आलंय.

तुम्ही विचाराल, बंद का? कारण विचारणारे सगळे कारण मागतात. आजार हवा, अडचण हवी. नुसतं थकले म्हटलं की लोक म्हणतात, दोन दिवस विश्रांती घ्या.

झालं असं. डिसेंबरात एका दुपारी मुलं अभ्यासाला बसली होती आणि मी दाराजवळच्या खुर्चीत. डोळा कधी लागला ते कळलंच नाही. जाग आली तर खोलीत चिडीचूप. एक लहान मुलगी आहे, सतत काही तरी गुणगुणत असते म्हणून तिला सगळे भुणभुण म्हणतात. ती दारात हात पसरून उभी होती. मला म्हणाली, "काकू, तुम्ही झोपा. मी कुणाला बाहेर सोडत नाहीये."

दार सताड उघडं. बाहेर बसचा रस्ता. आणि राखण करायला सात वर्षांचं पोर.

काही झालं नाही. कुणी पडलं नाही, हरवलं नाही. मी तिला जवळ घेतलं, दाराला कडी घातली, आणि त्या दिवसापासून मी खुर्चीत बसत नाही. दुपारभर उभी असते. सकाळी यंत्रावर वाकायचं, दुपारी उभं राहायचं. रात्री पाय उशीवर ठेवून पडते तेव्हा पोटऱ्या एखाद्या परक्या बाईच्या वाटतात.

हे ह्यांनाही सांगितलेलं नाही. तुम्हांला का सांगितलं? तुम्ही बोलत नाही, म्हणूनच असेल.

धाकटी


९ फेब्रुवारी

जाऊबाई,

अखेर ह्यांना सांगितलं. जेवताना. म्हटलं, वर्ष संपलं की मी खोली बंद करतेय.

ह्यांनी घास हातातच ठेवला. "सन्मान घ्यायचा आणि बंद करायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणोत. लोक दुपारी येऊन उभे राहतात का?"

"मग सन्मान नको म्हणून सांग."

"तेही मनात आलं. पण कंडक्टरांनी एवढी धावपळ केली..."

"मग बंद करू नकोस."

"अहो, माझे पाय बघा एकदा."

पायांकडे बघितलं नाही. उठले, हात धुतले आणि म्हणाले, "बंद कर. बंद कर म्हणजे मी दिवसभर मोटरींशी भांडत बसतो." आणि खाली निघून गेले.

तुम्हांला माहीतच आहे, या माणसाने मुलांबद्दल एक चांगला शब्द कधी काढला नाही. कॉइल भरताना गोंगाट झाला की प्लायवूडवर पक्कड आपटायचे. फेरे चुकतात म्हणायचे. पण गेल्या काही वर्षांत मी बघतेय. मुलं आली नाहीत की दुकानात मन लागत नाही त्यांचं. सुटीच्या दिवशी दर थोड्या वेळाने वर येतात, पाणी पितात, पुन्हा जातात. आई गेल्या. तुम्ही दोघं गेलात. दादा समोरच्या स्टुलावर बसायचे ते स्टूल रिकामं. उरला तो पलीकडचा आवाज.

मला ते कळतं हो. कळत नसतं तर सोपं होतं. एका माणसाला घर भरलेलं वाटावं म्हणून मी किती दिवस उभी राहू?

दुसऱ्या दिवशी बघते तर हे पलीकडच्या खोलीला रंग देत होते. फिकट निळा. मला न विचारता. "सन्मानाचे फोटो काढायला लोक येतील," म्हणाले. नाकावर निळा ठिपका. मी पाणी नेऊन दिलं. बोलायची सोय नव्हती.

धाकटी


२० फेब्रुवारी

जाऊबाई,

तुमचं पत्र आलं. दोन वर्षांनी तुमचं अक्षर बघितलं आणि उघडण्याआधी चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं, म्हणजे शांतपणे वाचता येईल. शांतपणे वाचण्यासारखं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

तुम्ही लिहिता, "कार्यक्रमाला येणं जमणार नाही. पण खोली बंद करायचा विचारही मनात आणू नकोस. ती माझ्या हाताने उभी केलेली आहे. मी तिथून निघाले तेव्हा ती तुझ्या भरवशावर सोडून निघाले."

माझ्या भरवशावर! जाऊबाई, तुम्ही मला विचारलं होतंत? दादांना पंपांच्या कंपनीत नोकरी लागली, तुम्ही सामान बांधलंत. त्यात काही वावगं नव्हतं, मी स्वतः तुमच्या बरण्या कागदात गुंडाळून दिल्या. पण जाताना खोलीची किल्ली तुम्ही खुंटीवर अडकवलीत आणि म्हणालात, "मुलं दोनला येतात." एवढंच. जसं काही मांजराला दूध घालायचं सांगताय.

मी गणितात कच्ची आहे, तुम्हांला माहीत होतं. पहिलं वर्षभर मी रात्री मुलांची पुस्तकं वाचायची, म्हणजे दुपारी फजिती होऊ नये. आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा एक पाय वर, एक पाय खाली, असं केलं. त्यांचं अंग पुसायचं, खाली येऊन कुणाचं भांडण सोडवायचं, पुन्हा वर. त्या गेल्या तेव्हाही चौथ्या दिवशी मी खोली उघडली, कारण भुणभुणच्या आईची पाळी बदलून मिळत नव्हती.

मान हवा असेल तर अर्धा घ्या. सगळा घ्या. पण कंबर माझी एकटीची मोडलीय.

आणि तुमच्या पत्रात एक ओळ नाही की, अगं, तू कशी आहेस.

पत्र पुन्हा वाचलं. फाडून टाकावंसं वाटलं, पण हे सगळं मी दुसऱ्यांदा लिहू शकणार नाही. म्हणून टाकतेय पेटीत.

धाकटी


२ मार्च

जाऊबाई,

तुम्ही रागावला असाल. असा. कार्यक्रमाचं तरी सांगते, नाही तर दुसरीकडून तिखटमीठ लावून कळेल.

सभागृह भरलेलं होतं. आम्ही तिघं सन्मानाचे मानकरी, पुढच्या रांगेत. एक ग्रंथालयाच्या बाई, शाळा सुटल्यावर मुलांसाठी वाचनालय उघडं ठेवतात. एक आजोबा, मैदानावर फुटबॉल शिकवतात, गुडघ्याला पट्टा बांधलेला. आणि मी. ह्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि कंडक्टरांशेजारी बसून सगळ्यांना सांगत होते, "खोली आमच्या दुकानातच आहे."

भाषणं झाली. प्रत्येक वक्ता म्हणत होता, ही माणसं थकत नाहीत. निःस्वार्थ, अखंड, अविरत. आजोबा माझ्या कानाशी पुटपुटले, "हे कुणाबद्दल बोलतायत?"

मी ठरवून गेले होते की गप्प बसायचं. मानचिन्ह घ्यायचं, आभार म्हणायचं, घरी यायचं. वर्षअखेरीला पालकांना हळूच सांगायचं. खरंच सांगते, तेच ठरलं होतं.

मग नगराध्यक्ष उठले. म्हणाले, "आज मी एक आनंदाची बातमी देतो. काकूंचं काम बघून आम्ही ठरवलंय की जूनपासून पलीकडच्या शाळेतली मुलंही काकूंच्या खोलीत पाठवायची!" टाळ्यांचा कडकडाट. मला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी फाइलवालीकडे बघितलं. तिचा चेहरा पडलेला, तिलाही माहीत नसावं.

माझं नाव पुकारलं. पायऱ्या चढले. हातात ते जड मानचिन्ह दिलं आणि ध्वनिक्षेपक पुढे केला. मला दोन मिनिटं होती. मला दोन वाक्यंच सुचली.

म्हटलं, "तुम्ही मान दिलात, मी तो घेते. पण मी जूनपासून खोली उघडणार नाही, कारण मी फार दमलेय."

प्रमुख पाहुण्यांचं लक्ष नव्हतं, त्यांनी एकट्यांनीच टाळ्या वाजवल्या. मग त्यांनाही कळलं आणि हात हवेत राहिले. नगराध्यक्ष हसत म्हणाले, "काकू गंमत करतायत."

"नाही हो," मी म्हटलं. "गंमत करायचंही बळ नाही."

खाली आले. आजोबांनी खुर्ची सरकवून दिली आणि म्हणाले, "बाई, माझं भाषण तुम्हीच करून टाकलंत. आता मी काय बोलू?" त्यानंतर ते वर गेले आणि फक्त आभार मानून उतरले. पण उतरताना कठडा धरून उतरले, सगळ्यांदेखत. आधी चढताना धरला नव्हता.

घरी येताना हे दोन पावलं पुढे चालत होते. दाराशी आल्यावर म्हणाले, "मानचिन्ह दे इकडे, जड आहे." बस. तेवढंच.

धाकटी


२३ मार्च

जाऊबाई,

तीन आठवडे माझ्या दाराला उसंत नाही. सन्मान झाला तेव्हा एवढी माणसं आली नव्हती.

पहिली आली भुणभुणची आई. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, दुपारची पाळी. उंबऱ्यातच उभी राहिली. "मान घेऊन झाला ना तुमचा? आता आमच्या पोरींनी रस्त्यावर बसायचं."

"बाई, आत तरी या."

"आत येऊन काय करू? तुम्ही दमलात. मी दमत नाही? मी कुणाला सांगू?"

खोटं काय बोलली ती? तिलाही दमायचा हक्क आहे, आणि तिच्या दमण्याला सभागृहसुद्धा मिळालं नाही. ती गेल्यावर मी भांडी घासायला घेतली आणि घासलेलीच पुन्हा घासत बसले.

कंडक्टर आले ते दुसऱ्या संध्याकाळी. खाली मान घालून बसले. "काकू, मला वाटलं होतं, मान मिळाला की तुम्हांला जोर येईल."

"तुमचं काही चुकलं नाही हो. पण जोर नाही आला. वजन आलं."

"मला आधी बोलला असतात तर..."

"तर तुम्ही मला समजावलं असतं. आणि मी ऐकलं असतं."

त्यावर ते थोडं हसले.

फाइलवाली आली काल, आणि काल मांडीवर फाइल नव्हती. तिने जे सांगितलं ते ऐकून मी खाली बसले, जाऊबाई. तुम्हीही बसून वाचा.

शाळेचं मोठं दालन दुपारनंतर उघडं ठेवायचं, दोन बायका पगारावर नेमायच्या, असा ठराव नगरपालिकेत चार वर्षांपूर्वीच मांडला गेला होता. दर वर्षी तो पुढे यायचा आणि दर वर्षी कुणी तरी म्हणायचं, "त्याची काय गरज? काकूंची खोली आहे ना." झालं. ठराव मागे.

ती म्हणाली, "काकू, मी स्वतः दोनदा ऐकलंय ते वाक्य. मला वाटायचं, किती अभिमानाने बोलतात तुमच्याबद्दल."

मी ज्या दारात राखणदारासारखी उभी होते, ते दार मीच अडवून धरलं होतं की काय? तसंही नाही. मी नसते तर इतकी वर्षं ती मुलं पायऱ्यांवरच बसली असती, हेही तितकंच खरं. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींचा मला कंटाळा आलाय.

सभागृहातला प्रकार वर्तमानपत्रात आला, त्यामुळे आता ठराव पुन्हा काढलाय. नगराध्यक्षांनाच तो मांडावा लागणार. फाइलवाली जाताना म्हणाली, "तुम्ही तेवढं शब्द फिरवू नका हं. तुम्ही चालू ठेवते म्हणालात की परत बासनात जाईल."

म्हणजे आता नगरपालिकेला माझं थांबणंही हवं आहे.

तुमचं दुसरं पत्रही मिळालं. चार ओळींचं. "अगं, तू कशी आहेस, हे विचारायचं राहिलं. खरंच राहिलं. विचारते आता." ते वाचून मी कपडेखोलीत रडले. मुकादम बाईने शिव्या देता देता नवा अभ्रा दिला डोळे पुसायला. मी बरी नाही, जाऊबाई. पण पूर्वीपेक्षा बरी आहे.

धाकटी


१८ मे

जाऊबाई,

तुम्ही दोघं इथे येऊन गेलात त्याला आठवडा झाला. तुमचा पोचल्याचा फोन आला तेव्हा हे समोर होते, म्हणून सगळं बोलता आलं नाही. आणि आता मला तुम्हांला लिहायची सवय लागलीय, फोनवर मी भाजीचंच बोलते.

खोलीच्या शेवटच्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि मोठी झालेली जुळी "मोठ्या काकू!" म्हणून ओरडत धावली, तेव्हा मला वाईट वाटलं हे कबूल करते. थोडंसंच. सहा वर्षं मी नाकं पुसली आणि उड्या तुमच्यासाठी! मग तुम्ही ओढणी खोचलीत, फळ्यासमोर बसलात, आणि मला म्हणालात, "जा, तू खुर्चीत बस." मी बसले. डिसेंबरानंतर पहिल्यांदा. तुम्हांला कळलं असेल का, तुम्ही काय दिलंत ते?

एक गोष्ट तुम्ही बघितली नाहीत. दादांनी सांगितली नसेल, म्हणून लिहिते.

तुम्ही मुलांत होता. मी पाण्याचा जग भरायला प्लायवूडच्या अलीकडे गेले. दादा दुकानात उभे होते, बूट न काढता, परक्या गिऱ्हाइकासारखे. हे मोटर उघडून बसलेले. मान वर नाही. मी दाराच्या आड थांबले.

दादा म्हणाले, "वार्निश बदललंस का रे?"

"हो. जुनं मिळत नाही आता."

पलीकडून तुमचा आवाज येत होता, मुलं पाढे म्हणत होती.

मग दादा म्हणाले, "एक फोन करायचा होतास. रात्रीची गाडी मिळाली असती. तोंड तरी बघितलं असतं मी आईचं."

मला वाटलं, आता हे नेहमीचं बोलणार. लाइन लागत नव्हती, गडबड होती. गेली दोन वर्षं तेच सांगत आलेत, मलासुद्धा. पण ह्यांनी हातातली तार खाली ठेवली.

"लाइन होती, दादा. फोन हातात घेऊन बसलो होतो जिन्यात. तुझा आवाज आला असता की मला ते बोलायला लागलं असतं. आई गेली म्हणून. मी ते तोपर्यंत कुणालाच बोललो नव्हतो. डॉक्टरच बोलले होते, हीच बोलली होती. मी नाही. सकाळ झाली तरी जमेना. मग उशीर झाला, आणि उशीर झाला याचीच लाज वाटायला लागली."

मला माहीत नव्हतं हे. जिन्यात बसले होते ते बघितलं होतं मी त्या रात्री. मला वाटलं, फोन करून झाला असेल.

दादा खाली वाकले. बूट काढले. स्टूल ओढलं, बसले आणि म्हणाले, "हे फेरे सैल आहेत तुझे. दाखव इकडे." ह्यांनी मोटर पुढे सरकवली. दोघांचे डोळे भरलेले आणि दोघं कॉइलकडे बघत होते. मी जग न भरताच परत आले. तुम्ही विचारलंत, पाणी कुठंय? मी म्हटलं, नळाला नाही. तो नळ व्यवस्थित चालतो, जाऊबाई.

इकडची बातमी अशी. ठराव झाला. पूर्ण नाही. दोघींऐवजी एकच बाई नेमणार, दुसरीची जागा विचाराधीन. दालन साडेपाचला बंद होणार. भुणभुणची आई त्यानंतर दीड तासाने सुटते. ती माझ्याशी अजून बोलत नाही, रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूने जाते. मधला वेळ पोरगी कंडक्टरांच्या घरी थांबेल असं त्यांनी जुळवलंय. मी तिला ठेवून घेते म्हणणार होते. शब्द ओठांवर आले होते. कंडक्टरांनीच अडवलं. "काकू, एक ठेवलं की दुसरं येईल. तुम्ही गप्प बसा." बसले गप्प. मन खात होतं, पण बसले.

फाइलवालीने विचारलं, नव्या बाईला सुरुवातीला चार गोष्टी सांगाल का? म्हटलं, सांगेन, पण खुर्ची टाकून बसून सांगेन. ती नवी मुलगी भेटून गेली. तरुण आहे, चुणचुणीत आहे, पगार किती आणि सुट्ट्या किती हे आधी विचारून घेतलंय तिने. मला ते फार आवडलं.

काल दवाखान्यातून आले. जेवले. हे खाली होते. दुपार होती आणि मला कुठे जायचं नव्हतं. काय करावं ते सुचेना. कपाट आवरायला काढलं, तसंच ठेवलं. मग पडदा ओढून पलंगावर आडवी झाले. दुपारची, दिवसाढवळ्या, चोरासारखी.

डोळे उघडले तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. क्षणभर वाटलं, उशीर झाला, मुलं दाराशी ताटकळली असतील. धडपडत उठले, पाय जमिनीला टेकलेसुद्धा. मग आठवलं, आज कुणी यायचं नाहीये.

मी पाय वर घेतले आणि कूस बदलून पुन्हा झोपले.

तुमची
धाकटी